स्पोर्ट्स कार : आत्ता घ्यावी की थांबावं?

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न दिले आहेत.)

आजचा विषय ऐकून काही जणांना हसू आलं असेल. घर, विमा, मुलांचं शिक्षण हे विषय सोडून एकदम स्पोर्ट्स कार? पण या मालेकडे येणाऱ्या प्रश्नांत हा प्रश्न पुन्हापुन्हा येतो. विचारणारे सगळेच काही उद्योगपती नसतात. नोकरीत पंधरा-वीस वर्षं काढलेले असतात, कारखाना चालवणारे असतात, डॉक्टर असतात. पैसे साठलेले असतात, लहानपणापासूनची हौस असते, आणि नेमक्या वेळी कोणीतरी सांगतं, "अरे, थांब जरा, आता आयात शुल्क कमी होणार आहे." मग माणूस अडकतो. थांबावं तर वय चाललंय, घ्यावी तर पुढच्या वर्षी तीच गाडी निम्म्या भावात दिसेल ही धास्ती.

म्हणून आज आम्ही "गाडी घ्या" किंवा "घेऊ नका" असं सांगणार नाही. थांबण्याची किंमत किती आणि घाईची किंमत किती, हे कसं मोजायचं ते सांगणार आहोत. कागद-पेन असेल तर जवळ घ्या. आकडे थोडे आहेत, पण कामाचे आहेत.

किमतीत गाडी किती आणि कर किती?

बाहेरून तयार होऊन येणाऱ्या गाडीचं उदाहरण घेऊ. समजा, बंदरावर उतरली तेव्हा विमा आणि बोटभाडं धरून तिची किंमत ४० लाख रुपये आहे. ४० हजार डॉलरच्या वरच्या गाड्यांवर आपल्याकडे एकूण आयात शुल्क ११० टक्के आहे. २०२५ च्या अर्थसंकल्पात त्याची मांडणी बदलली. मूळ शुल्क १०० वरून ७० टक्के झालं, तेव्हा बातम्या आल्या की गाड्या स्वस्त होणार. पण त्याच वेळी ४० टक्के कृषी पायाभूत सुविधा उपकर लागला. बेरीज ११० च राहिली. एका खिशातून काढून दुसऱ्यात घातलं, एवढंच.

तर ४० लाखांवर ४४ लाख शुल्क, झाले ८४ लाख. त्यावर ४० टक्के जीएसटी, म्हणजे ३३ लाख ६० हजार. झाले १ कोटी १७ लाख ६० हजार. मग आला आरटीओ. महाराष्ट्रात आयात केलेल्या गाडीवर एकरकमी कर २० टक्के आहे, म्हणजे आणखी साधारण साडेतेवीस लाख. एकूण १ कोटी ४१ लाख. विक्रेत्याचा नफा, वाहतूक, विमा हे सगळं आम्ही मुद्दाम बाजूला ठेवलं आहे, हिशोब सोपा राहावा म्हणून.

आता हे नीट बघा. ४० लाखांची गाडी, १४१ लाखांचं बिल. मूळ किमतीचा प्रत्येक रुपया दारात येईपर्यंत साडेतीन रुपये होतो. हा साडेतीनचा गुणाकार लक्षात ठेवा, पुढचं बरंच काही त्यावर अवलंबून आहे.

यात आरटीओच्या कराला एक कमाल मर्यादाही आहे. ती २० लाख होती, १ जुलै २०२५ पासून ३० लाख झाली. भारतातच बनलेली किंवा जोडलेली, व्यक्तीच्या नावावर घेतलेली पेट्रोल गाडी २० लाखांच्या वरची असेल तर दर १३ टक्के. कंपनीच्या नावावर घेतली तर पुन्हा २० टक्के. तेव्हा "कंपनीच्या नावावर घेऊ, वाचतील" असं म्हणण्याआधी सीएला हा फरक विचारा.

शुल्क खरंच कमी झालं तर?

आता तेच ४० लाख घ्या आणि शुल्क ११० ऐवजी १० टक्के धरा. ४४ लाख झाले. ४० टक्के जीएसटी धरून ६१ लाख ६० हजार. आरटीओचे २० टक्के धरून सुमारे ७४ लाख. १४१ आणि ७४. म्हणजे जवळजवळ निम्मी.

ही काही हवेतली गोष्ट नाही. ब्रिटनबरोबरच्या करारावर २४ जुलै २०२५ रोजी सह्या झाल्या. त्यात ठरावीक कोट्यापुरतं गाड्यांवरचं शुल्क १० टक्क्यांपर्यंत खाली यायचं आहे. युरोपीय संघाबरोबरच्या वाटाघाटी पूर्ण झाल्याची घोषणा २७ जानेवारी २०२६ रोजी झाली. तिथेही ११० वरून टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांपर्यंत, वर्षाला अडीच लाख गाड्यांच्या कोट्यात.

झालं तर मग, थांबायचं! असं वाटतं ना? जरा दमानं घेऊ. त्या घोषणेत चार शब्द आहेत, ज्यांच्याकडे लोक बघत नाहीत.

पहिला शब्द, टप्प्याटप्प्याने. शेवटचा १० टक्क्यांचा आकडा पहिल्या दिवशी लागू होत नाही, त्याला वर्षं लागतात. आमचा ७४ लाखांचा आकडा हा शेवटच्या पायरीवरचा आहे. मधल्या पायऱ्यांवर किंमत मधलीच राहणार.

दुसरा शब्द, कोटा. कोटा संपला की पुढच्या गाडीला कोट्यातलं कमी शुल्क मिळत नाही. मग मोजक्या गाड्या आणि भरपूर गिऱ्हाईक असं झालं, तर वाचलेलं शुल्क सगळंच्या सगळं तुमच्या खिशात येईल याची हमी नाही. काही भाग कंपनी ठेवेल, काही विक्रेता ठेवेल.

तिसरा शब्द, लागू. वाटाघाटी संपणं, सही होणं, संसदेची मंजुरी आणि प्रत्यक्ष अंमल हे चार वेगळे दिवस असतात.

चौथा शब्द सगळ्यांत मजेशीर आहे, उत्पादनाचा देश. करार बिल्ल्याशी होत नाही, देशाशी होतो. बीएमडब्ल्यूची एम-२ घ्या. नाव जर्मन, पण सध्याची एम-२ बनते मेक्सिकोत, सान लुईस पोतोसीच्या कारखान्यात. युरोपच्या करारात ती आपोआप बसत नाही. उलट टोयोटाची जीआर सुप्रा. नाव जपानी, आपल्याकडे ती विकलीही गेली नाही, पण बनायची ऑस्ट्रियातल्या ग्राझला. लोटसचंही तसंच. एमिरा इंग्लंडमध्ये हेथेलला बनते, पण त्याच लोटसच्या विजेवरच्या एलेत्रे आणि एमेया चीनमध्ये वुहानला बनतात. तेव्हा करारासाठी थांबणाऱ्याने आधी विक्रेत्याला विचारावं, "साहेब, ही गाडी नेमकी कुठे बनते?" पोर्शे ९११ चं उत्तर श्टुटगार्ट आहे, तिथे थांबण्याला अर्थ आहे. दुसऱ्या एखाद्या गाडीसाठी तुम्ही वर्षानुवर्षं भलत्याच कराराची वाट बघत बसाल.

तारीख असलेली वाट आणि तारीख नसलेली वाट

इथे आजच्या व्याख्यानातला मुख्य मुद्दा येतो. वाट बघणं दोन प्रकारचं असतं.

२०२५ मध्ये १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून जीएसटी सुधारणेची घोषणा झाली. ३ सप्टेंबरला परिषदेने दर ठरवले आणि २२ सप्टेंबरपासून ते लागू झाले. १५०० सीसीच्या वरच्या, एसयूव्ही नसलेल्या मोठ्या गाड्यांवर तोवर २८ टक्के जीएसटी आणि २० टक्के उपकर, असे ४८ टक्के लागत होते. ते ४० झाले. आपल्या ८४ लाखांच्या उदाहरणात हा फरक ६ लाख ७२ हजारांचा आहे. पाच-सहा आठवडे थांबायचे पावणेसात लाख! ही तारीख असलेली वाट. अशा वेळी न थांबणं म्हणजे निव्वळ उतावीळपणा.

आता दुसरं उदाहरण. भारत आणि युरोपीय संघ यांच्या वाटाघाटी सुरू कधी झाल्या? २००७ मध्ये. २०१३ ला अडल्या, २०२२ ला पुन्हा सुरू झाल्या, आणि २०२६ ला संपल्या. २००७ मध्ये चाळिशीत असलेल्या एखाद्याने ठरवलं असतं की करार झाला की घेईन, तर करार पूर्ण झाल्याची घोषणा ऐकताना तो साठीला टेकलेला असता. ही तारीख नसलेली वाट. तिच्यात माणूस निर्णय घेत नाही, निर्णय पुढे ढकलतो, आणि त्यालाच शहाणपण समजतो.

म्हणून आमचा नियम साधा आहे. थांबायचं असेल तर कॅलेंडरवर तारीख लिहा. "शुल्काची पहिली पायरी लागू होईपर्यंत, पण अमुक वर्षाच्या मार्चपलीकडे नाही," असं लिहा. त्या तारखेला जे समोर असेल त्यावर निर्णय घ्यायचा. तारीख लिहिता येत नसेल, तर तुम्ही थांबलेले नाही, नुसते रेंगाळलेले आहात.

थांबण्यालाही भाडं पडतं

थांबलं की पैसे बँकेत राहतात, व्याज मिळतं, हे खरं. पण साडेसहा टक्के व्याजावर वरच्या गटातल्या माणसाचा आयकर गेला की हातात साडेचारच्या आसपास उरतात. दुसरीकडे कंपन्या जानेवारी आला की दोन-तीन टक्के भाव वाढवतात. इतपत तर व्याज भरून काढतं. त्यामुळे "जानेवारीत भाव वाढणार, डिसेंबरात घ्या" या विक्रेत्याच्या वाक्याला फार घाबरू नका.

खरं घाबरायचं ते रुपयाला. २०२५ च्या सुरुवातीला युरो ८८-८९ रुपयांच्या आसपास होता. वर्षअखेर १०५ च्या आसपास गेला. म्हणजे युरोतली किंमत तशीच राहिली तरी आपल्या ४० लाखांचे ४७ लाख झाले. आता तो साडेतीनचा गुणाकार आठवा. सात लाखांच्या वाढीचं दारातलं बिल झालं जवळपास पंचवीस लाख. कंपन्या हे लगेच पूर्ण वसूल करत नाहीत, पण कधीतरी करतात. मात्र याची दुसरी बाजूही आहे. शुल्क १० टक्क्यांवर आलं की हा गुणाकार साडेतीनवरून पावणेदोनच्या थोडा वर येतो, आणि रुपयाचा फटकाही तेवढा सौम्य होतो.

आणि तिसरं भाडं म्हणजे गाडीच नाहीशी होणं. ऑडी टीटी २०२३ मध्ये बंद झाली. जग्वार एफ-टाइप २०२४ मध्ये. निस्सान जीटी-आर अठरा वर्षं चालून ऑगस्ट २०२५ मध्ये. पोर्शेच्या पेट्रोलवरच्या ७१८ बॉक्स्टर-केमन ऑक्टोबर २०२५ मध्ये. आपल्याकडचीच गोष्ट बघा. फोर्ड मस्टँग जुलै २०१६ मध्ये ६५ लाखांना भारतात आली, कारण त्या पिढीपासून ती पहिल्यांदा कारखान्यातूनच उजव्या हाताच्या स्टिअरिंगची निघू लागली होती. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ लागू झालं, त्यानंतर ती शोरूममधून गेली. सप्टेंबर २०२१ मध्ये फोर्डने भारतातलं उत्पादनच थांबवण्याची घोषणा केली. "पुढच्या वर्षी बघू" म्हणणारे बघतच राहिले.

काही गाड्या तर वर्षभरही थांबत नाहीत. स्कोडाची ऑक्टेव्हिया आरएस ऑक्टोबर २०२५ मध्ये १०० च आल्या, किंमत ४९ लाख ९९ हजार, आणि बुकिंग काही मिनिटांत संपलं. अशा गाडीच्या बाबतीत "आत्ता की नंतर" हा प्रश्नच नसतो. तुमची तयारी आधीच झालेली असेल तरच ती तुमची.

"शेवटची पेट्रोल गाडी" ही भीती मात्र तपासून घ्या. युरोपने २०३५ नंतर नव्या गाड्यांतून शून्य कार्बन उत्सर्जनाचा कायदा २०२३ मध्ये केला होता. डिसेंबर २०२५ मध्ये युरोपीय आयोगानेच तो सैल करून ९० टक्के कपातीचा प्रस्ताव मांडला. तेव्हा एखादं ठरावीक मॉडेल जातं, हे खरं आहे. सगळंच उद्या संपतंय, ही विक्रीची भाषा आहे.

आज घेतली तर धोका कुठे?

बहुतेकांच्या नजरेतून सुटते ती बाब म्हणजे फेरविक्री. जुन्या गाडीची किंमत ठरते ती नव्या गाडीच्या किमतीवरून. आज तुम्ही १४१ लाख दिले, त्यात १०० लाखांच्या वर कर आहे. चार वर्षांनी शुल्क खाली आलं आणि तशीच नवी गाडी ९० लाखांना मिळू लागली, तर तुमची जुनी ९० च्या वर कोण घेईल? तुमची गाडी उत्तम असेल, दर महिन्याला पुसून ठेवलेली असेल, पण तुम्ही भरलेला कर पुढचा माणूस तुम्हाला परत देणार नाही.

म्हणजे जो माणूस गाड्या तीन-चार वर्षांनी बदलतो, त्याला आज पूर्ण शुल्काची आयात गाडी घेणं सगळ्यांत महाग पडतं. जो दहा-पंधरा वर्षं तीच ठेवणार आहे, त्याला हा फटका कागदावरच राहतो. स्वतःला विचारा, आपण आजवर गाड्या किती वर्षं ठेवल्या? इच्छा नको, इतिहास बघा.

भारतात जोडलेल्या गाड्यांत हा धोका कमी, कारण सुट्या भागांच्या संचावर शुल्क मुळातच बरंच कमी असतं. बीएमडब्ल्यूने एम-३४०आय मार्च २०२१ पासून चेन्नईला जोडायला घेतली. मर्सिडीजने २०२० मध्ये आपल्या चाकणला पहिली एएमजी जोडली. पक्क्या अर्थाने या दोन दारांच्या स्पोर्ट्स कार नाहीत, मान्य. पण ज्याला वेगाची मजा हवी आहे आणि मागे आई-वडीलही बसवायचे आहेत, त्याने आधी इकडे बघावं.

सेकंडहँडचा रस्ताही उघडा आहे. विमा कंपन्या घसारा कसा धरतात बघा : सहा महिने ते वर्ष १५ टक्के, दोन ते तीन वर्षं ३० टक्के, चार ते पाच वर्षं ५० टक्के. बाजारभाव याला चिकटून नसतो, पण कल कळतो. एक्स-शोरूम ८० लाखांची गाडी तीन वर्षांत या तक्त्याने २४ लाख गमावते, वर्षाला ८ लाख. वर्षाला ३ हजार किलोमीटर चालवली, तर नुसता घसाराच किलोमीटरला २६० रुपयांच्या वर. पेट्रोल अजून धरलेलं नाही! पहिल्या मालकाने हे सोसलेलं असेल, तर दुसऱ्याने त्याचा फायदा का घेऊ नये? फक्त सर्व्हिसचा पूर्ण इतिहास, अपघाताचे विम्याचे दावे, आणि नोंदणी कुठल्या राज्यातली हे तपासा. दुसऱ्या राज्यात कर वाचवून नोंदवलेली गाडी बारा महिन्यांच्या वर महाराष्ट्रात राहिली, तर इथे नोंदणी आणि कर दोन्ही मागे लागतात.

दोन माणसं, दोन उत्तरं

आता हे सगळं माणसांना लावून बघू. समजा, हिंजवडीत नोकरी करणारा ३२ वर्षांचा मुलगा आहे. घराचं कर्ज चालू आहे, घरात लहान बाळ आहे, आणि त्याला ५०-५५ लाखांची गाडी हवी आहे. ५० लाख कर्ज, ९ टक्के दर, ५ वर्षं. हप्ता १ लाख ३ हजार ७९२. एकूण व्याज सव्वाबारा लाख. हप्ता निघेलही. पण नोकरी सहा महिने गेली तर? दोन हप्ते एकदम, आणि विकायला काढाल ती गाडी तेव्हा कर्जापेक्षा कमी किमतीची असेल. ऋण काढून सण करू नये म्हणतात, ते सणाच्या विरोधात नाही, ऋणाच्या विरोधात आहे.

त्याला आम्ही सांगू, बाळा, थांब, पण तारीख लिहून थांब. आणि तोवर हप्त्याची रंगीत तालीम कर. दर महिन्याला १ लाख वेगळ्या खात्यात टाक. वर्षभर न चुकता जमलं, तर तुझी ऐपत सिद्ध झाली. तीन वर्षं टाकलेस, ६ टक्के धरले, तर ३९ लाख ३३ हजार होतात. मग कर्ज उरलंच तर ते थोडं असेल. आणि चौथ्या महिन्यातच जमेना झालं, तर गाडी न घेताच तुला उत्तर मिळालं. किती स्वस्तात मिळालं!

दुसरे, समजा, भोसरीत वर्कशॉप असलेले ५७ वर्षांचे गृहस्थ. कर्ज नाही, मुलं मार्गी लागली आहेत, आजारपणाची आणि म्हातारपणाची तरतूद बाजूला आहे. गाडी त्यांच्या एकूण मालमत्तेच्या मानाने लहान आहे. त्यांना पोर्शे हवी आहे आणि ते दहा वर्षं ठेवणार आहेत. यांच्या हिशोबात पैशापेक्षा मोठा एक आकडा आहे : गुडघे. स्पोर्ट्स कारमध्ये बसणं म्हणजे खाली जमिनीलगत उतरणं आणि दरवेळी तिथून उठणं. कंबर, गुडघे, रात्रीची नजर हे साठीनंतर दरवर्षी थोडं थोडं मागे घेत जातात. त्यांनी शुल्काच्या शेवटच्या पायरीसाठी पाच-सहा वर्षं थांबायचं, तर पैसे वाचतील आणि चालवायची उमेद उरेलच असं नाही. काकांना आम्ही सांगू, करार लागू होऊन पहिली पायरी हाताशी आली असेल तर तेवढी वाट बघा, त्यापलीकडे नको. किंवा आजच एक चांगली सेकंडहँड घ्या, आणि वहिनींना विचारून घ्या. ही विनोदाची बाब नाही. एवढा पैसा घरातून जातो तेव्हा तो दोघांचा असतो. गाडी दोन वर्षांनी विकायला निघते त्यामागे अनेकदा इंजिन नसतं, घरातली धुसफूस असते.

सही करण्याआधी

पैशाचं झालं. आता वापराचं. वर्षात ५२ रविवार. आपल्याकडचे चार महिने पावसाचे गेले की उरले पस्तीस. लग्नकार्य, सण, दुखणी-खुपणी काढा. वीस-पंचवीस सकाळी हातात येतात. त्या कुठे घालवणार? मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाटीला वेगमर्यादा १०० आहे, समृद्धीवर १२०, आणि कॅमेरे दोन्हीकडे आहेत. वेग रस्त्यावर काढायची कल्पनाच सोडा, तिथे दुसऱ्याची लेकरं असतात. खरा वेग हवा तर चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई, कोइंबतूरचं कारी, ग्रेटर नोएडाचं बुद्ध, असे ट्रॅक आहेत. पण नेहमीच्या विमा पॉलिसीत शर्यत आणि वेगचाचणी बसत नाही, हे लक्षात ठेवा.

गतिरोधकाचं मानक १० सेंटिमीटर उंची आणि लांब, सावकाश चढणारा उतार असं आहे. आपल्या गल्लीतला कोणी मोजून केलाय? तेव्हा चाचणीची गाडी शोरूमच्या रस्त्यावर नको, आपल्या सोसायटीच्या गेटातून आत आणून बघा. तळमजल्यावरच्या पार्किंगच्या उतारावर पुढचा ओठ घासला, तर रोज घासणार आहे.

पेट्रोलचंही बघा. आता सर्वत्र २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी, त्यामुळे अंतर सहा-सात टक्क्यांनी कमी पडतं. जुनी गाडी घेताना कंपनीच्या पुस्तिकेत किती टक्के इथेनॉल चालतं ते वाचा.

आणि विमा घेताना "रिटर्न टू इनव्हॉइस"ची जोड घ्या. गाडी पूर्ण गेली तर साधा विमा घसारा वजा केलेली किंमत देतो, आरटीओत भरलेले वीस-बावीस लाख त्यात नसतात.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न : बिलात १ टक्का टीसीएस लावलाय. हा जास्तीचा कर आहे का?

नाही. १० लाखांच्या वरच्या गाडीवर विक्रेता तो गोळा करतो आणि तुमच्या पॅनवर जमा होतो. विवरणपत्र भरताना तो वजा करून मिळतो. मात्र एवढी मोठी खरेदी आयकर खात्याला दिसते, तेव्हा उत्पन्न आणि खर्च यांचा मेळ बसलेला असावा.

प्रश्न : बुकिंग आत्ता करून ठेवलं आणि शुल्क मधेच उतरलं तर?

किंमत बुकिंगच्या दिवसाची की बिलाच्या दिवसाची, हे लेखी घ्या. बहुतेक ठिकाणी गाडी हातात येताना असेल ती किंमत लागते. मग शुल्क उतरलं तर फायदा तुमचा, आणि रुपया घसरला तर तोटाही तुमचाच. बुकिंग रद्द केल्यास किती परत मिळेल, ही ओळही वाचा. ती परत मिळणारी रक्कम असेल, तर थोड्या पैशांत रांगेत जागा धरून वाट बघता येते. आम्हाला हा मधला मार्ग अनेकांसाठी बरा वाटतो.

प्रश्न : माझं मन अजून ठरत नाही. आकडे जमतात, तरी भीती वाटते.

मग विकत घेऊ नका, आधी भाड्याने घ्या. काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेली, स्वतः चालवायची परवानाधारक गाडी दोन दिवस घ्या. पहिला दिवस सगळ्यांना दाखवण्यात जाईल. दुसऱ्या दिवशी सकाळी कोणी बघत नसताना एकट्याने चालवा, बाजारात जा, वाहतूक कोंडीत अडका, पार्क करा. त्या संध्याकाळी चावी परत देताना काय वाटतं ते महत्त्वाचं. सुटलो असं वाटलं तर बरेच लाख वाचले. परत द्यावीशी वाटली नाही, तर मघाचा कागद काढा, त्यावर तारीख लिहा, आणि घरच्यांसमोर ठेवा.

वेळ झाली आहे, इथे थांबू. ज्यांचे प्रश्न राहिले त्यांनी ते लिहून पाठवावेत. पाठवताना गाडीचं नाव, ती कुठे बनते आणि आधीची गाडी किती वर्षं ठेवली होती, एवढं नक्की कळवा.